आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची आहे, सुरुवात कुठून करू?

ठाणे स्टेशनात वाशीच्या गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हा आमच्या जुन्या सोसायटीतल्या एक ताई भेटल्या. एरवी हसून पुढे जाणाऱ्या, त्या दिवशी थांबल्या. "तुम्हा ख्रिस्ती लोकांत आजारी माणसासाठी प्रार्थना करतात ना? आमच्या दिरांचं डायलिसिस सुरू झालंय. काय करावं लागतं हो? नारळ-बिरळ काही आणायचं असतं का?" मी म्हटलं, "काहीच आणायचं नसतं." तेवढ्यात गाडी आली. त्या आत शिरल्या, मी दाराशीच अडकले, आणि घणसोलीला त्या कधी उतरल्या तेही कळलं नाही. उत्तर अर्धंच राहिलं. उरलेलं अर्धं इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतं.

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, सिस्टर (नन) नाही. मूळची नगर जिल्ह्यातली, आता कोपरखैरण्यात राहते, आणि आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भेटगटाबरोबर गेली काही वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवते. आम्ही प्रोटेस्टंट. कॅथलिकांच्या काही पद्धती वेगळ्या आहेत, त्यातल्या मला नीट माहीत असलेल्या तेवढ्या सांगेन.

एक गोष्ट आधीच मोकळी करते. ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे मंत्र नव्हे. ठरावीक वेळा म्हटली की फळ देते, एखादा शब्द चुकला की वाया जाते, असं काही नाही. आणि तो नवसही नव्हे. "तू हे कर, मी ते वाहीन" हा व्यवहार झाला. नवसाची सवय आपल्या हाडात इतकी मुरलेली आहे की ख्रिस्ती घरांतूनही ती जात नाही. माझ्याही जात नव्हती.

पहिली पायरी : मागणं एका वाक्यात आणा

मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, दहाव्या अध्यायात यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी आहे. येशू जातोय हे कळल्यावर तो हाका मारायला लागतो. लोक त्याला गप्प करतात, तो आणखी ओरडतो. येशू त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो, तुला काय हवंय? आता आंधळ्याला काय हवं असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. तरी विचारलं. मला वाटतं, भिकाऱ्याला रोज मागायची सवय पैशांची होती. त्या दिवशी त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं की पैसे नकोत, डोळे हवेत.

माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पहिले दोन महिने मी "देवा, आईला बरं कर" याच्यापुढे जाऊ शकले नाही. वाक्य खोटं नव्हतं, पण ते इतकं मोठं होतं की म्हणून झाल्यावर हातात काहीच राहायचं नाही. मग घरी फिजिओथेरपीला एक मुलगी येऊ लागली. ती आईला रोज एकच काम द्यायची. आज अंगठा, उद्या करंगळी. तिला बघून मीही तसं मागायला लागले. "आज आईला बशीतला चहा न सांडता पिता येऊ दे." "आज रात्री तिला सलग चार तास झोप लागू दे." प्रार्थना कशी करावी हे मी ज्यांच्याकडून शिकले त्यांत त्या मुलीचा नंबर बराच वर आहे, आणि ती स्वतः कधी चर्चला गेलेली नाही.

तेव्हा एक साधी वही घ्या. डावीकडे तारीख आणि एका ओळीत मागणं. उजवी बाजू उत्तरासाठी मोकळी सोडा. आजाराचं नाव लिहायला लाजू नका. क्रिएटिनिन, प्लेटलेट, बायोप्सीचा रिपोर्ट, हे शब्द देवापुढे चालतात. "सगळं चांगलं होऊ दे" असं लिहावंसं वाटलं तर थांबा आणि स्वतःला विचारा, आज नेमकं काय?

दुसरी पायरी : वेळ आणि जागा

इथे फार बोलायला नको. दहा मिनिटं पुरेत, पण रोजची. पहाटे पाणी भरून झाल्यावर आणि डबे करायच्या आधी, ही माझी वेळ. ऐरोलीची एक मैत्रीण गाडीत करते, डोळे उघडे ठेवून, कारण मिटले तर झोप लागते आणि तुर्भे निघून जातं. वन रूम किचनमध्ये एकांत मिळत नाही ही तक्रार खरी आहे. जिना, गच्ची, सोसायटीचा बाक, काहीही चालेल.

त्या दहा मिनिटांत काय करायचं? बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, वहीतलं वाक्य म्हणायचं, थोडं गप्प बसायचं, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. तीच, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". ती पाठ नसेल तर मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे. स्तोत्रांत सगळे तेविसाव्यापासून सुरुवात करतात. ते सुंदरच आहे, पण आजारपणात मी १२१ आणि १३ सुचवते. तेरावं सुरूच होतं ते "हे परमेश्वरा, कुठवर?" अशा अर्थाने. आणि खरोखर काळोख असेल तेव्हा ८८ वं. दीडशे स्तोत्रांत असं टोकाचं दुसरं नाही. ते शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, तरी कुणी ते बायबलमधून काढून टाकलेलं नाही.

बायबल कोणतं घ्यावं, हेही लोक विचारतात. बायबल सोसायटीचं "पवित्र शास्त्र" सगळीकडे मिळतं, पण भाषा जरा जड आहे. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं "सुबोध बायबल" आजच्या मराठीच्या जवळ आहे. २०२० साली उस्मानाबादला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेच हे फादर. आणि बायबल साध्या मराठीत हवं हा हट्ट नवा नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकपर्यंत जाऊन याच कामाला भिडल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी त्या भाषांतराला दिली होती. सांगायचा मुद्दा असा की प्रार्थनेसाठी पुस्तकी बोलायची गरज नाही. आईशी ज्या भाषेत बोलता तीच. माझी आजी देवाला "आरे" म्हणायची.

तिसरी पायरी : चर्चमध्ये पाऊल टाकताना

पहिल्यांदा जाताना लोक विनाकारण घाबरतात. ठाण्यात तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे पोर्तुगीज काळातलं कॅथलिक चर्च बाहेरून सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आत फार कमी जण गेलेले असतात. नवी मुंबईत तर मराठी, मल्याळी, तामिळ, इंग्रजी अशा कितीतरी मंडळ्या आहेत. कुणाची स्वतःची इमारत, कुणी शाळेचा हॉल रविवारपुरता घेतलेला. मराठी उपासना किंवा मराठी मिस्सा (कॅथलिकांची उपासना) किती वाजता, हे आधी फोन करून विचारा. एकाच चर्चमध्ये सकाळी इंग्रजी आणि संध्याकाळी मराठी असं असू शकतं. मग चुकीच्या वेळेला जाऊन दीड तास काही न कळता बसावं लागतं.

हे सगळं इथे उपरं आहे असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट सांगते. एप्रिल १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. समुद्रमार्गे चीनकडे निघालेले हे लोक ठाण्यात थांबले होते ते आधीपासून इथे राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडे. म्हणजे पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीही या तळ्यांच्या गावात कुणीतरी प्रभूची प्रार्थना म्हणत होतं.

तर, प्रत्यक्ष गेल्यावर. चपला काढायच्या की नाही, हे दारातल्या चपलांकडे बघून ठरवा. शहरातल्या बहुतेक चर्चमध्ये काढत नाहीत, घरसभेत काढतात. मागच्या बाकावर बसा म्हणजे बाकीचे कधी उठतात, कधी बसतात ते दिसतं. उठता आलं नाही तरी बसून राहा, कुणी काही म्हणत नाही. दानाची पिशवी फिरेल. त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही, पाहुण्याने तर नाहीच. प्रभूभोजनाची (भाकर आणि द्राक्षारस वाटायची) वेळ आली की मात्र जागेवर राहा, ते बाप्तिस्मा झालेल्या सभासदांसाठी असतं. काही ठिकाणी पुढे जाऊन नुसता आशीर्वाद घेता येतो, शेजारच्याला विचारा. गाणी बहुधा "उपासना संगीत" या पुस्तकातली असतील, आणि पेटी-तबला ऐकून तुम्हाला भजनाला आल्यासारखं वाटेल. वाटू द्या. नारायण वामन टिळकांसारख्या मराठी कवीने ख्रिस्ती मंडळींना अभंग दिले, ते काही चुकून नाही. निघताना कुणी हात पुढे करून "सलाम" म्हणालं तर तुम्हीही "सलाम" म्हणा. नगरकडच्या ख्रिस्ती लोकांचा तो जुना नमस्कार आहे.

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेना या खास प्रार्थनेसाठी जाणारे ठाण्या-वाशीचे पुष्कळ लोक आहेत, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही भरपूर. १९४८ पासून ही प्रथा चालू आहे. मेणाचे हात-पाय-हृदय तिथे वाहतात, ज्याचं जे दुखतं ते. प्रोटेस्टंट म्हणून मी ते करत नाही, पण एका बुधवारी तिथल्या रांगेत मेणाची दोन इवली फुप्फुसं हातात घेऊन उभा असलेला रिक्षावाला पाहिला होता, आणि नाक मुरडायची माझी हौस तिथेच संपली.

चौथी पायरी : इतरांना सांगा, पण जपून

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात सरळ म्हटलंय की कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. बोलावणं आजाऱ्याकडून किंवा घरच्यांकडून जायला हवं, हे यातलं महत्त्वाचं. पाळकांना किंवा फादरना फोन करा. ते घरी येतात, पैसे घेत नाहीत. तुम्ही पोळ्या-भाजीचा घाट घालू नका, चहा पुरे. कॅथलिकांमध्ये आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हा संस्कार आहे. पूर्वी तो अगदी मरणाच्या दारात देत, म्हणून अजूनही फादर तेल घेऊन आले की घरात रडारड सुरू होते. पण १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधी सुधारला. आता गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, म्हातारपणी खालावलेल्या तब्येतीतही तो घेता येतो. आजोबांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर फादर दारात दिसताच त्यांचं बीपी चढायचं. हा संस्कार बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांचा आहे. बाकीच्यांसाठी फादर साधी प्रार्थना करतात, ती मागायला संकोच नको.

आता ते "जपून". प्रार्थनेच्या निमित्ताने माणसाचा आजार गावभर होतो. "बहिणींनो, अमक्याच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिसऱ्यांदा गर्भपात झालाय" असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या डोळ्यांदेखत चार ग्रुप फिरला आणि शेवटी त्या सुनेच्या ऑफिसात पोचला. टाकणारीचा हेतू वाईट नव्हता, त्याने काय फरक पडतो? नियम एकच. ज्याचा आजार त्याला विचारल्याशिवाय नाव आणि आजार एकत्र लिहायचा नाही. "आमच्या एका बहिणीच्या तब्येतीसाठी" एवढं पुरतं. देवाला पत्ता माहीत असतो.

पाचवी पायरी : खाटेशेजारी

माझ्या मते खरं शिक्षण इथे होतं, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, वाशीचं महापालिकेचं असो की खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कुणी केमोला आलेलं असो, सगळीकडे भेटीची वेळ आणि पास असतो. तो पाळा. पाच जणांनी एका पासावर आत घुसायला प्रार्थना हे कारण होत नाही. आत जायच्या आधी हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, केमो चाललेल्या माणसाला तुमची सर्दी महागात पडते. अशा वेळी घरून प्रार्थना करा. खाटेवर बसू नका. सलाइनच्या नळीकडे लक्ष असू द्या.

मग विचारा, "प्रार्थना केली तर चालेल का?" 'नको' म्हणाले तर नको. चेहरा न पाडता इकडचं-तिकडचं बोला, पाणी हवंय का विचारा आणि निघा. 'हो' म्हणाले तर पुढचा प्रश्न, "काय मागू?" हा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि स्वतःच्या मनाने सुरू होतात. एका काकांना मी विचारलं तेव्हा पोटाच्या कॅन्सरबद्दल ते काहीच बोलले नाहीत. म्हणाले, "मुलगा चार वर्षं बोलत नाही माझ्याशी, त्याचं बघा." न विचारता मी कॅन्सरवर दहा मिनिटं बोलले असते.

हात ठेवायचा असेल तर विचारून, आणि खांद्यावर किंवा हातावर. टाक्यांच्या जागी नाही, कपाळ घट्ट दाबून तर मुळीच नाही. ऑक्सिजन चालू असेल तिथे तेल आणि मेणबत्ती दोन्ही नको, आग लागू शकते. आयसीयूमध्ये सिस्टर सांगतील तेवढंच. आवाज इतका, की आजाऱ्याला ऐकू यावं आणि पलीकडच्या खाटेवरच्याची झोप मोडू नये. वेळ दोन मिनिटं. लांबलचक प्रार्थना आजारी माणसाला थकवते. देव बहिरा नाही, आणि वॉर्डातल्या मावशींना लादी पुसायची असते.

पलीकडच्या खाटेवरून एकदा आवाज आला होता. गळ्यात तुळशीची माळ, मधुमेहाने पाय गेलेला, सत्तरीचा वारकरी. "माझंबी नाव घ्या बाई त्यात. इठ्ठल काय रागवायचा न्हाय." घेतलं. त्यांच्याकडून काही कबूल करून घेतलं नाही, पत्रक दिलं नाही, रविवारी या म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण नव्या उत्साहात आपल्याला सगळंच सांगून टाकायची घाई असते. खाटेवर पडलेल्या माणसात 'नाही' म्हणायची ताकद नसते. अशा वेळी मिळालेल्या 'हो'ची किंमत करू नये.

काय बोलू नये, त्याची यादी माझ्याकडे मोठी आहे. "देवाची इच्छा" हे शोकात असलेल्या माणसाला आपण सांगायचं नसतं. "आमच्या शेजाऱ्यांना हेच झालं होतं" ही गोष्ट, शेजारी वाचले असतील तरच, आणि तरीही नको. "विश्वास कमी पडतोय" हे तर कधीच नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी येशूला विचारलं की पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, तेव्हा त्याने दोन्ही नाकारलं. योहानाचा नववा अध्याय आहे. आपल्याकडे मात्र अजून शिष्यांचाच प्रश्न चालू आहे.

आणि "तू नक्की बरा होशील" असं म्हणू नका. हे सगळ्यात अवघड जातं, कारण समोरच्याला तेच ऐकायचं असतं आणि आपल्याला तेच म्हणायचं असतं. पण ते वचन देणारे आपण कोण? मागणं आपलं, देणं त्याचं. "मी रोज तुझं नाव घेईन" असं म्हणा. हे वचन तुम्हाला पाळता येतं. मग घरी जाऊन ते नाव खरंच वहीत लिहा.

गोळ्या बंद करायच्या नाहीत

माझ्या सासूबाईंना साखर होती. एका सभेत कुणीतरी त्यांना सांगितलं की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. त्यांनी आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या बाथरूममध्ये पडल्या, साखर साडेचारशेच्या वर. त्या वाचल्या. सांगणाऱ्याला मी भेटले तेव्हा तो म्हणाला, "वाचल्या ना? मग साक्ष द्या." साक्ष म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीत सांगणं. ती साक्ष मी आज देतेय.

बायबलला डॉक्टरांचं वावडं नाही. तिसरं शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो लूक, येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रात वैद्य म्हणूनच येतो. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं, तर पौलाने त्याला नुसतं पाणी सोडून थोडा द्राक्षारस घे असं सुचवलं. त्या काळचं औषधच ते. कॅथलिक बायबलमधल्या बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय तर वैद्याचा मान राखा, इथूनच सुरू होतो. फ्रान्समध्ये लूर्दला लोक बरे होण्यासाठी जातात, तिथे बरं झाल्याचे हजारो दावे आजवर आले. चर्चने डॉक्टरांकडून तपासून घेऊन चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांचा आकडा २०१८ मध्ये ७० वर पोचला. दीडशेहून जास्त वर्षांत सत्तर. आमच्याकडे एका रात्रीच्या सभेत तेवढे जाहीर होतात.

उपासाचंही तसंच. शुक्रवारची उपास-प्रार्थना पुष्कळ मंडळ्यांत असते. मधुमेही, गरोदर बाया, किडनीचे रुग्ण यांनी उपास करायचा नाही. कॅथलिक चर्चच्या नियमातही आजाऱ्यांना उपासातून सूट आहे. अगदीच काही सोडायचं असेल तर रात्रीची मालिका सोडा.

पैसे मागितले गेले तर उठा. "बीज पेरा, आरोग्य घ्या", तेलाची बाटली अमुक रुपये, रुमाल तमुक रुपये, हे दिसलं की चपला शोधा. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने ठरावीक आजारांवरच्या चमत्कारी उपायांची जाहिरात करायला बंदी आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र करणं गुन्हा आहे. छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर आधी १०८ ला फोन. प्रार्थना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये होते, मी केलेली आहे.

आणि बरं वाटलंच नाही तर?

वहीची उजवी बाजू पुष्कळदा मोकळीच राहते. नव्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही आणि मग त्याला वाटतं, आपलंच काही चुकलं.

पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, असं तो करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो. काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर मिळालं. त्याहून मला जवळची वाटते ती त्याने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली, शेवटाकडची अर्धी ओळ. त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस, एवढंच. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, तो आपल्या मित्राला आजारी अवस्थेत मागे ठेवून पुढे गेला आणि त्याने त्याची काही कारणमीमांसाही केली नाही.

मार्कच्या आठव्या अध्यायात बेथसैद्याचा आंधळा आहे. येशूने हात ठेवल्यावर त्याला पहिल्यांदा दिसलं ते धूसर. माणसं झाडांसारखी चालताना दिसतात म्हणाला. दुसऱ्यांदा हात ठेवला तेव्हा स्पष्ट दिसलं. त्या दोन हातांमधल्या वेळात जगणारे लोक मी फार पाहिले आहेत. माझी आई त्यातलीच. ती वॉकर धरून गॅलरीपर्यंत जायला लागली, बशीतला चहा प्यायला लागली. बोलणं मात्र परत आलं नाही. पण पेटीवर तिचं पाठ असलेलं गाणं सुरू झालं की तोंडून अख्ख्या ओळी यायच्या, शब्दन् शब्द, आणि गाणं थांबलं की पुन्हा गप्प. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गाण्याची वाट बोलण्याच्या वाटेहून वेगळी असते, असं होतं पुष्कळांना. मी याला उत्तर म्हणते. माझा भाऊ म्हणत नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली, आमचा वाद अजून मिटलेला नाही, नाताळात जेवताना हमखास निघतो.

रागावलात तर रागवा, देवाजवळच रागवा, स्तोत्रकर्त्यांनी तेच केलंय. पण झोप उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर ते एकट्याने प्रार्थनेत रेटू नका. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा भाकरी दिली.

डिस्चार्जनंतर

बरं वाटलं तर आभार माना, नाव घेऊन. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, ही लूकच्या सतराव्या अध्यायातली गोष्ट माहीत असूनही आपण नवांतलेच असतो. मंडळीत साक्ष द्यायची असेल तर आजाऱ्याच्या परवानगीने, थोडक्यात, आणि डॉक्टरांचं, सिस्टरांचंही नाव घेऊन.

भेटगटाला मी एक गोष्ट नेहमी सांगते. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात, दुसऱ्या महिन्यात कुणी येत नाही. तेव्हा दुसऱ्या महिन्याची तारीख वहीत आत्ताच टाका. त्या दिवशी जा. आजाऱ्यासाठी कमी आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईसाठी जास्त. तिला म्हणा, दोन तास मी बसते, तू जाऊन केस धुऊन ये, झोप, बाजारात जा. त्या दोन तासांत खाटेशेजारी जी प्रार्थना होते तिला शब्द लागत नाहीत.

डबा न्यायचा असेल तर आधी फोन करून विचारा. ताईंच्या दिरांसारखं डायलिसिसवर कुणी असेल तर मीठ कमी, पाणी मोजून, केळी, शहाळं आणि टोमॅटो टाळलेलं बरं. त्यांच्या डॉक्टरांनी दिलेला तक्ता बहुधा फ्रिजवर चिकटवलेला असतो, त्याचा फोटो मागवून घ्या.